गाडी उशिरा ऐकते

“मग दोष कुणात आहे, तुम्हीच सांगा. गाडीत तर नाही.”

अभिनंदन चौगुलेने हे विचारलं तेव्हा त्याच्या खिशात चिठ्ठी तयारच होती. ‘स्टिअरिंग पूर्ण तपासले. दोष आढळला नाही.’ खाली सही, तारीख आणि मिरजेच्या त्या गॅरेजचा शिक्का.

दस्तगीर चाचा जेवत होते. गॅरेज त्यांचं, अभिनंदन त्यांचा शिष्य. चाचा जेवताना बोलत नसत. तसे ते इतर वेळीही फारसे बोलत नसत.

गाडी डॉक्टर इंदुमती लेले यांची. साठ वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स कार, दोनच माणसं बसतील एवढी, टप नसलेली. लेलेबाई स्वतः अठ्ठ्याहत्तरच्या. उजव्या खांद्याच्या दुखण्यानंतर तो हात त्यांना बेताचीच साथ देई. महिन्याभरात दोनदा गाडी रस्त्याच्या कडेला उतरली, तेव्हा त्यांच्या पुण्याच्या मुलाने निर्वाणीचं सांगितलं. गॅरेजवाल्यांकडून लेखी आण. दोष गाडीत असला तर दुरुस्त करू. नसला तर तुझं गाडी चालवणं बंद, गाडी विकून टाकू.

बाई बाकड्यावर बसून होत्या. जन्मभर लोकांचे रिपोर्ट वाचलेली बाई आज स्वतःच्या रिपोर्टसाठी ताटकळत होती.

चाचांनी हात धुतले. “बाई, तुम्हाला नेमकं काय वाटतंय?”

“गाडी उशिरा ऐकते,” बाई म्हणाल्या. “मी वळवते. ती जरा वेळाने वळते.”

अभिनंदन हसला. “चाचा, तीनदा जॅकवर घेतली. चाकं धरून हलवली, एकेक जॉइंट बघितला. कुठं काही नाही. चारदा ट्रायल मारली. शंभरच्या स्पीडला सरळ जाते. आता वयोमानानं एखाद्याला...”

वाक्य त्याने तिथेच सोडलं. बाईंना ते पुरतं ऐकू आलं. त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातात घेतला आणि मांडीवर ठेवला.

अभिनंदन काही कच्चा कारागीर नव्हता. इंजिनिअरिंगची पदविका होती, वर चार वर्षं चाचांच्या हाताखाली गेली होती आणि गाडी चालवण्यात मिरजेत त्याला तोड नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं, एवढीच काय ती पंचाईत.

चाचांनी डब्यातला एक भाजका पापड काढला. त्याचे दोन तुकडे केले.

“बस गाडीत. हे स्टिअरिंगवर ठेव, दोन्ही तळहातांखाली. सरळ रस्त्यानं कृष्णेच्या पुलापर्यंत जाऊन ये. पापड मोडायचा न्हाई.”

“चाचा, ही काय चेष्टा...”

“जा.”

दहा मिनिटांत तो परत आला.

“सरळ जाते. मी म्हटलं होतं.”

चाचांनी गाडीकडे पाहिलं नाही. त्याच्या मांडीकडे पाहिलं. सगळा चुरा पडला होता.

त्यांनी डब्यातून दुसरा पापड काढला.

“परत.”

या खेपेला पंचवीस मिनिटं लागली. पुलाच्या अलीकडे गाडी आपसूक कडेला निघाली, तशी त्याने ती हलकेच वळवली. काही झालं नाही. अजून थोडी वळवली, तर एकदम वळली आणि समोरच्या ट्रकवाल्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे सारं पुढे त्यानेच सांगितलं. त्या वेळी तो फक्त खाली उतरला. पापडाचे दोन्ही तुकडे शाबूत होते, तोंड मात्र पार उतरलं होतं.

“चाचा... उशिरा ऐकते.”

बाईंनी डोळे मिटले. त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवावा असं त्यांच्या मनातही आलं नाही.

“पण जॅकवर तर सगळं ठीक होतं,” अभिनंदन म्हणाला.

“जॅकवर चाक हवेत असतंय. हवेत कोण कुरकुरतंय?” चाचा म्हणाले. “गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घे. चाकं जमिनीवर राहू देत. तू खाली उतर. बाई, तुम्ही बसा आणि स्टिअरिंग हळूहळू फिरवा.”

अभिनंदन टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरला. वर बाईंनी स्टिअरिंग फिरवलं.

चाकं जागची हलली नाहीत. त्यांना वळवणारा आडवा रॅक मात्र अख्खाच्या अख्खा अर्धा इंच सरकला. मग कुठे चाकं वळली. रॅकला धरून ठेवणारी दोन्ही रबरं कुजून मऊ झाली होती. चाकांवर भार नसला की त्यांना काही सोसावं लागत नव्हतं, म्हणून ती गप्प होती.

अभिनंदनने ती रबरं बोटाने दाबून पाहिली.

“म्हणजे गाडी चुकत होती,” तो खालूनच म्हणाला, “आणि मी प्रत्येक वेळी सावरून घेत होतो. मला कळतही नव्हतं.”



तो वर आला. खिशातली चिठ्ठी काढून त्याने बाईंसमोर फाडली. त्याला मनापासून लाज वाटत होती.

“बाई, चुकलो. तुमच्या हातातली गाडी काढून घ्यायला निघालो होतो मी.”

“माझीही निदानं चुकली आहेत,” बाई म्हणाल्या. “त्यातल्या दोन पेशंटची नावं अजून आठवतात.”

चाचांनी ट्रकच्या जाड रबरातून दोन नवे तुकडे कापून घासून बसवले. चार वाजेपर्यंत रॅक आवळून झाला.

त्या गॅरेजचा रिवाज असा की अभिनंदनने ट्रायल मारल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. त्याने हात पुसले आणि किल्ली उचलली.

चाचांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. बाईंच्या उजव्या हातात ठेवली.

“चाचा, ट्रायल तर मी...”

“तुला सगळंच जमतंय,” चाचा म्हणाले. “तुला काय कळणार?”