गुलबक्षी उमलेपर्यंत

रिबकावर कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. "मी नाही तोडल्या शेवंत्या!" ती रडून सांगत होती, ओरडून सांगत होती. ऐकतंय कोण? मोठ्या माणसांचे कान दारासारखे. एकदा आतून कडी लागली की लागली.

नऊ वर्षांची पोर ती. बाप नाही, आई अंथरुणाला खिळलेली. चर्चमागच्या बागेला रिबका रोज झारीने पाणी घालायची आणि पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची बायको, तिला त्यांच्या दलीला नावाच्या शेळीचं तांब्याभर दूध द्यायच्या. त्या दुधावर तिचा पाळण्यातला भाऊ, तीत, वाढत होता. पण वेदीवर ठेवायच्या पांढऱ्याशुभ्र शेवंत्या रोज दुपारी नाहीशा व्हायला लागल्या.

"तूच नेऊन विकतेस," पाळकीणबाई म्हणाल्या.

"नाही हो बाई. शपथ घेत नाही, आपल्यात घेत नाहीत. पण खरं सांगते."

"मग काय देवदूत नेतात? रविवारी वेदी रिकामी राहिली तर दूध बंद!"

रिबका कुंपणाशी जाऊन बसली. तिथे एक गुलबक्षी माना टाकून उभी होती. तिला कोण पाणी घालणार? रिबकाने आपल्या पिण्याचं पाणी तिच्या मुळाशी ओतलं. तोच एका इवल्या कळीतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. गुलाबी झगा, कांद्याच्या पापुद्र्यासारखे झिलमिल पंख!

"भूत आहेस का गं तू?"

"भूत कधी गुलाबी असतं, वेडाबाई? मी देवाच्या बागेतली धाकटी माळीण. तुझी एक इच्छा पुरी होईल. करणारा देव, मी नुसता निरोप आणते. पण नियम आहे हं. आधी देवाजवळ बसायचं, ही कळी उमलेपर्यंत. घाई केलीस तर कळी मिटेल."

"एवढंच?" रिबकाने डोळे मिटले, 'आमच्या स्वर्गातील पित्या'पासून 'आमेन'पर्यंत एका दमात पळत सुटली आणि उठली. कळी घट्ट मिटली.

"देव काय पळून चाललाय?" परी हसली. "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी रिबका हलली नाही, पण तिने कळीवरची नजरही हलवली नाही. कळी काही उमलेना.

"तू देवाजवळ बसलीस की कळीजवळ?" परीने विचारलं.

रिबका ओशाळली.

तिसरा दिवस शनिवार. बागेत एकही शेवंती उरली नव्हती, उरल्या होत्या त्या नुसत्या हिरव्या कळ्या. रिबका बसली आणि देवाला सांगायला लागली. तीतला दोन दात आलेत. आई काल हसली. पाळकीणबाईंचा मला राग येतो, खूप येतो. मग सांगायचं संपलं. आता काय? देव नुसता बसून काय करत असेल बरं? तिला नवल वाटलं. ती ऐकत राहिली. मधमाशी गुणगुणली, मुंगी तिच्या पायावरून फिरून गेली. कुणी तरी शेजारी बसलंय, आणि त्याला कुठेही जायचं नाही, असं तिला वाटलं. इच्छा मागायची ती विसरूनच गेली.

"उमलली!" परी कुजबुजली. "माग आता."

रिबकाने दूध मागितलं असतं. चोराला शिक्षा मागितली असती. पण ती म्हणाली, "उद्या देवाची वेदी रिकामी नको. शेवंत्या परत येऊ देत."

परीने पंख झटकले. सोनेरी, रुपेरी, गुलाबी उजेड बागभर सांडला आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. शेवंत्या चांदण्यांसारख्या फुलल्या. आणि तोडलेल्या पाकळ्याही, जिथे पडल्या होत्या तिथे, लखलखल्या!

उजेड पाहून पाळकीणबाई धावत आल्या. चकाकत्या पाकळ्यांची वाट बागेतून निघून थेट त्यांच्याच ओसरीवर जात होती. तिथे खुंट्यावरचा दोरीचा फास शिंगाने उचलून कुणी तरी मोकळं झालं होतं. आता मात्र साळसूदपणे खुंट्याला चिकटून उभं होतं. दाढीत शेवंत्या दिव्यांसारख्या पेटलेल्या!

पाळकीणबाईंनी रिबकाला पोटाशी धरलं. "चुकलं गं माझं, लेकी. दोन तांबे दूध ने रोज."

मग कमरेवर हात ठेवून वळल्या आणि असा आवाज लावला, की चर्चची घंटासुद्धा हलली,

"दलीलाऽऽ!"