हिवरवाडीचे थांबलेले शिखर

हिवरवाडीच्या महादेवाचे शिखर अर्ध्यातच संपते. वर कळस नाही. "पडलं का हो?" असे पाहुणे विचारतात, तेव्हा दाजी गुरव म्हणतात, "पडलं नाही. थांबलंय."

फार पूर्वी माईदेव नावाच्या स्थपतीने हे देऊळ बांधायला घेतले, असे सांगतात. गुरूने शिकवलेली मापे तो जन्मभर पाळत आला होता. एका राजाने शिखर वीतभर कमी करायला सांगितले, तर हा म्हणे दरबार सोडून निघाला होता. वय झाले होते. हे त्याचे शेवटचे देऊळ.

भिंती झाल्या, शिखर निम्मे चढले. कळस कुठवर जाईल हे पाहण्यासाठी त्याने तेवढा उंच बांबू उभारला. पौषातला तिसरा प्रहर होता. बांबूची सावली शेजारच्या राहीआई रंगारणीच्या अंगणात, वाळत घातलेल्या लाल लुगड्यांवर पडली.

"आज काठीची आहे, उद्या दगडाची पडेल," राहीआई म्हणाली. "उन्हाशिवाय माझा रंग धरत नाही, बाबा."

गावचे पाटील म्हणाले, "देवळाची सावली घरावर पडणं दोषच. म्हातारीला दुसरीकडे जागा देऊ."

"देव कालचा आलेला, आणि उठायचं मी?" राहीआई हसून म्हणाली. मग माईदेवाकडे वळली. "तुझ्याकडे सगळ्याची मापं आहेत म्हणतात. माझ्या अंगणाचं घेतलंस का रे?"

दिवस कलेपर्यंत माईदेव तिच्या ओसरीवर बसून राहिला. गुरूचे शब्द त्याने मनात पुन्हा पुन्हा म्हटले. सावली घरावर पडू नये, एवढेच त्यांत होते. घर हलवावे, असे कुठेच नव्हते. ते माणसांनी आपल्या सोयीने जोडले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने बांबू उतरवला आणि सावली कुंपणाशी थांबेल एवढा कापला. शिखर तिथेच संपवले. घडवून ठेवलेला कळस देवळाच्या पायरीशी ठेवला आणि तो गाव सोडून गेला. जाताना त्याने एकदाही वर पाहिले नाही, असे म्हणतात.

आजही हिवरवाडीत कोणी माडी चढवणार असेल, तर आधी तेवढी काठी उभी करतो आणि शेजारणीला हाक मारतो, "वहिनी, सावली बघून जा." ती येते, आपले वाळवण कुठवर असते ते पाहते. ती "चढव" म्हणाली, तरच गवंडी दगडाला हात लावतो.