नदीची खोली

एका नदीकाठी एकदा एका वृद्ध आचार्यांचा आश्रम होता. त्यांचा शिष्य भार्गव बुद्धीने तल्लख आणि अंगाने ताडमाड उंच. वादात अडचण आली की तो हसून म्हणे, "तुमचे सत्य तुमच्यापाशी, माझे माझ्यापाशी." पुढे कोणाला बोलताच येत नसे.

एके सकाळी कापडाचे गाठोडे घेऊन एक ठेंगणा व्यापारी आला. "पायी पलीकडे जाता येईल का हो?" त्याने काठावरच्या भार्गवाला विचारले.

"खुशाल जा. कमरेएवढे पाणी आहे. मी कालच जाऊन आलो."

व्यापारी उतरला. मध्यावर पाणी त्याच्या छातीच्या वर चढले, धारेने पाय सुटले आणि तो गटांगळ्या खाऊ लागला. भार्गवाने धावत जाऊन त्याला बाहेर ओढले. गाठोडे मात्र वाहून गेले.

"खोटे बोललास! जीव गेला असता माझा!" व्यापारी ओरडला.

आरडाओरडा ऐकून आचार्य काठी टेकत आले. भार्गव म्हणाला, "गुरुदेव, माझ्या अनुभवाचे सत्य मी सांगितले. यांचे वेगळे निघाले. यात खोटे कोण?" बोलताना त्याचा आवाज जरा चढलाच होता.

आचार्यांनी हातातली काठी पुढे केली. "यांचे पाय सुटले तिथे ही तळाला टेकव आणि परत आण."

त्याने तसे केले. जिथवर काठी भिजली होती, तिथेच आचार्यांनी आश्रमातून कोयता मागवून ती तोडली. भार्गव बघतच राहिला. त्या काठीवाचून त्यांना चार पावलेही चालवत नसे. आचार्यांनी तो ओला तुकडा आधी भार्गवाशेजारी उभा केला, मग व्यापाऱ्याशेजारी. एकाच्या कमरेला टेकला, दुसऱ्याच्या छातीच्या वर गेला.

"काठी लहानमोठी झाली का?"

"नाही, गुरुदेव."

"नदीही झाली नाही. तिची खोली एकच आहे. तू सांगितलीस ती तुझ्या अंगावरची खूण. ती खरीच होती, पण तिलाच तू नदी समजलास. खुणा ज्याच्या त्याच्या असतात, बाळ. बुडवते ती खोली."

भार्गवाची मान खाली गेली. मग तो व्यापाऱ्यापुढे वाकला. "चूक माझी आहे. तुम्हाला नीट पाहिलेच नाही मी."

 आचार्य परत निघाले तेव्हा व्यापाऱ्याने ओल्या अंगानेच त्यांना आपल्या खांद्याचा आधार दिला.

दुपारी एक वाकलेली म्हातारी काठावर आली. लेक बाळंत झाली होती, तिला पलीकडे पोचायची घाई होती. "पाणी किती आहे रे, बाबा?"

भार्गव तिच्याजवळ गेला, शेजारी उभा राहिला आणि मग म्हणाला, "आजी, तुमच्या गळ्याशी येईल. पाठीवर बसा."