सासरचं टोक

“…मग तीन फास्ट बॉलर आणि दोन स्पिनर, यात चूक काय आहे तेवढं सांगा, बाई.”

उर्मिला भोईटे हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होती. ती देशाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार. उत्तराची वाट बघायची सवय तिला राहिलेली नव्हती.

पिसाळबाई वाकून क्रीजवर फक्की मारत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, पवनचक्क्यांच्या पठारावर, त्यांचं हे मैदान. पांढरी रेघ ओढली की वारा निम्मी उडवून न्यायचा. बाई पुन्हा ओढायच्या.

“बाई…”

“ऐकतेय. पाचवी बॉलर कोण, यावर अडलंय तुझं.”

“माझं नाही अडलेलं. निवड समितीचं अडलंय. दोन मतं इकडे, दोन तिकडे. उद्या अकराला बैठक आहे. मी म्हणेन ते नाव लागेल.”

“मग म्हण की.”

“म्हणणारच आहे. तन्वीला घेणार, शालनला वगळणार. तुम्हाला नुसतं कळवायला आले.”

नुसतं कळवायला कुणी एवढा घाट चढून येत नाही. पण बाईंनी ते बोलून दाखवलं नाही.

शालन डोईफोडे म्हणजे बाईंचीच दुसरी विद्यार्थिनी. तेहतीस वर्षांची. फार वेगवान नाही, स्पिनरही नाही. मध्यम गतीनं एकाच टप्प्यावर बॉल टाकत राहायचं, एवढंच तिचं काम. या वयात नाव गेलं की परत येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“ही तन्वी कोण?”

“एकोणीस वर्षांची आहे. ताशी एकशे अठरानं टाकते. माझ्यापेक्षा जोरात.”

“आन् शालननं काय घोडं मारलंय तुझं?”

“माझं काही नाही. आकडे बघा ना. नऊ कसोट्यांत तिच्या विकेट अकरा. माझ्या चौतीस. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

“धावा किती दिल्या तिनं?”

“ओव्हरला दोन.”

“आन् तू?”

“…चार.”

“समोरच्या पोरी तुलाच मारायला का जातात गं?”

बाईंनी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

“शालनकडं धाव मिळत न्हाई. जीव कासावीस होतो त्यांचा. मग तुझी ओव्हर आली की बॅट फिरवतात… आन् तुझी विकेट पडते. तिनं दळायचं, आन् तू आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या.”

उर्मिलाचा चेहरा लाल झाला. देशभर तिच्या नावानं टाळ्या पडत होत्या, आणि इथे ही म्हातारी तिला पिठात बोट घालणारी ठरवत होती.

“बाई, तुमच्या वेळचं क्रिकेट राहिलं नाही आता.”

“आमच्या वेळी क्रिकेट कुठं होतं? मी शाळेत खेळ शिकवायची, तर हेडमास्तर म्हणायचे, मैदान पोरांचं आहे, पोरींनी लेझीम खेळावी. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या तुमचं मैदान. आन् पोरींना घेऊन वर आले. इथं वाऱ्यापायी गुरंसुद्धा थांबत न्हवती. कोण हाकलणार आम्हांला?”

बाई हसल्या. बावन्न वर्षांपूर्वीची ती जिरवाजिरवी त्यांना अजून गोड लागत होती.

“बॉल हाय का गाडीत?”

“आहे.”

“आण.”

उर्मिला बॉल घेऊन आली आणि सवयीनं पश्चिमेच्या टोकाकडे चालू लागली.

“तिकडनं न्हाई. इकडनं.”

उर्मिला थांबली.

या मैदानाला दोन टोकं होती, तशी ती सगळ्याच मैदानांना असतात. पण इथे त्यांना नावं होती. पश्चिमेकडून टाकताना वारा पाठीशी असायचा, बॉल आपोआप पळायचा. ते माहेरचं टोक. पूर्वेकडून टाकताना वारा तोंडावर. एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे. ते सासरचं टोक. हे बारसं मुलींनीच केलेलं होतं. सहा बॉल माहेरून टाकले की सहा सासरहून टाकायचे, हा बाईंचा नियम, आणि त्यातून कुणाची सुटका नव्हती.

एकीची सोडून.

“मी तिकडून टाकते, बाई. तुम्हाला माहीत आहे.”

“म्हणून तर सांगतेय.”

“याचा संघाशी काय संबंध?”

“दौरा कुठं हाय तुझा?”

दौरा समुद्रातल्या एका बेटावर होता. तिथल्या मैदानावर डोक्यावर टोपी टिकत नाही, हे तिनंच मागच्या महिन्यात पत्रकारांना हसत सांगितलं होतं.

बाई काठी टेकत पश्चिमेच्या क्रीजवर गेल्या. पदर खोचला. काठी मातीत रोवली आणि तिच्यामागे दोन पावलांवर उभ्या राहिल्या.

“हा स्टंप. टाक.”

“बाजूला व्हा, बाई. लागेल.”

“लागंल ना. आधी पोचू तर दे.”

आता मात्र उर्मिलाच्या नाकावर राग आला. तिनं जॅकेट काढून फेकलं. ते वाऱ्यानं पार कुंपणापर्यंत नेलं. पंधरा पावलं मोजली, वळली आणि धावत सुटली.

वारा समोरून आला आणि छातीवर बसला.

पहिला बॉल हातून सुटला तो थेट लेगला, चार हात बाहेर. बाईंनी मानसुद्धा वळवली नाही.

दुसरा निम्म्यात पडला आणि दोन टप्पे घेत काठीशी येऊन थांबला. बाईंनी तो पायानं परत ढकलला.

तिसरा टाकताना तिचा पाय घसरला. बॉल कुठे गेला ते दोघींनाही दिसलं नाही. शोधायला बराच वेळ गेला.

“याला काय बॉलिंग म्हणतात?” उर्मिला ओरडली. “इथून माणूस बॉल टाकूच शकत नाही.”

“…माणूस?”

उर्मिला धापा टाकत उभी राहिली.

“मला तुम्ही इकडून कधी टाकूच दिलं नाही, बाई! चौदा वर्षांची आले तेव्हापासून. सगळ्या टाकायच्या, मी नाही. आणि आज मला परीक्षेला बसवता?”

“व्हय.”

“व्हय काय?”

“चूक माझी हाय. तुझा वेग बघितला आन् मला हाव सुटली. म्हणलं, ही पोरगी देशासाठी खेळणार. हिचा खांदा सासरी झिजवायचा न्हाई. मग तुझ्या वाटच्या ओव्हरी कुणीतरी टाकायला पायजे होत्या. शालनला म्हणलं, तू टाक. तवा सतरा वर्षांची होती ती.”

“ती काय म्हणाली?”

“काय म्हणणार? त्या टोकाला तोंड उघडलं की वारा आत जातो.”

पवनचक्क्यांची पाती गरगरत होती.

सोळा वर्षं उर्मिलानं प्रत्येक मैदानावर आधी वारा बघितला होता आणि आपलं टोक निवडलं होतं. उरलेलं टोक कुणाला जातं, हे विचारायची तिला कधी गरजच पडली नव्हती. शालन तिथे आधीच उभी असायची. तिला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून ती आणखी चिडली.

“म्हणजे तुमची चूक तुम्ही माझ्या हातून निस्तरून घेताय.”

“हुशार हायस.”

“मी नाही निस्तरणार. उद्या मी तन्वीचंच नाव देणार.”

“दे.”

“तुम्ही अडवणार नाही?”

“मी कोण अडवणारी? तू कर्णधार. फकस्त एक सांग. तन्वी कुठल्या टोकाकडनं टाकते?”

“…माझ्याच.”

“आन् ती तिसरी फास्ट बॉलर?”

“तीही.”

“तिघी माहेरी. सासरी कोण?”

“स्पिनर टाकतील.”

“नव्या बॉलनं? पयल्या वीस ओव्हर?”

उर्मिलानं ओठ चावला. बाई काठीमागे हलल्या नाहीत. फक्कीची रेघ एव्हाना पुसून गेली होती.

“मी टाकीन,” उर्मिला म्हणाली.

“काय?”

“मी टाकीन सासरच्या टोकाकडून. मी कर्णधार आहे. तन्वीला देते माहेर. झालं?”

“तीन बॉल तर बघितले मी.”

“अजून तीन राहिलेत.”

हे मात्र तिनं शिष्येसारखं म्हटलं नाही. ललकारल्यासारखं म्हटलं. बाईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं.

उर्मिला मागे गेली. या वेळी तिनं पंधरा पावलं मोजली नाहीत. नऊच मोजली. वाऱ्याशी भांडत धावण्यात अर्थ नाही, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. डोकं खाली घातलं. खांदा आडवा केला.

चौथा बॉल काठीच्या हातभर बाहेरून गेला. पण गेला.

पाचवा टाकताना तिच्या तोंडून आवाज निघाला. बॉल टप्प्यावर पडला आणि वाऱ्यानं धरून ठेवल्यासारखा अडखळला. मग काठीच्या अंगावरून बाईंच्या गुडघ्याकडे आला. बाईंनी तो हातानं अडवला. हात झटकला. “हं,” म्हणाल्या.

सहाव्याच्या आधी उर्मिला बराच वेळ उभी राहिली. खांद्यात कळ येत होती. डोळ्यांत माती गेली होती. प्रेक्षक नाहीत, कॅमेरे नाहीत, टाळी वाजवायला एक म्हातारी, तीही वाजवणार नाही. असल्या जागी सोळा वर्षं कुणी रोज कसं येतं, हे तिला कळेना.

ती धावली.

बॉल फार वेगात नव्हता. पण सरळ होता. टप्पा घेतला, काठीच्या मधोमध लागला, आणि काठी आडवी झाली.

उर्मिला गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. मग हसली. मग मोठ्यानं हसली.

“बघितलंत?”

“बघितलं.”

“एका ओव्हरमध्ये जमलं. आणखी पंधरा दिवस आहेत माझ्याकडे.”

“जमंल तुला.”

“मग सांगा, बाई.” तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता, पण मान ताठ होती. “तिचं काम मी करू शकते. तुमच्यासमोर केलं. वाऱ्याविरुद्ध मी टाकीन, वाऱ्याबरोबर तन्वी टाकेल. आता शालनचं नाव खोडायला तुमची काय हरकत आहे?”

“कायबी न्हाई.”

बाई खाली वाकल्या. काठी उचलली. तिच्यावरची माती अंगठ्यानं पुसली. बराच वेळ पुसत राहिल्या…

“खरंच?”

“खरंच. तिचं काम तुला जमलं. आता तुझं काम तिला करू दे. सोळा वर्षांत शालनच्या पाठीला कधी वारा लागलेला न्हाई. एक कसोटी लागू दे… मग खोड.”