धाकू परबाचं गाऱ्हाणं

फार वर्षांपूर्वी, खारवणच्या खाडीत यंत्राचा आवाज कुणी ऐकलाही नव्हता आणि होड्या शिडांवर जायच्या, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायला बसलात तर पुरती ऐका. मधेच उठणाऱ्याला ही गोष्ट लाभत नाही, असं म्हणतात. कोण म्हणतं? मीच म्हणतो.

आमच्या गावचा देव रवळनाथ. त्याचं देऊळ दर्याच्या इतकं जवळ की मोठ्या भरतीला पायरी भिजते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, आणि त्याआधी देवळासमोर गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे एकाने उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने देवाकडे मागायचं. एक मागणं झालं की जमलेल्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. ते म्हटलं की मागणं सगळ्या गावाचं झालं, आणि देवाच्या दरबारी तिथेच पुरं झालं. पाऊसपाणी, गुरंढोरं, लेकरंबाळं असं मागत मागत शेवटचं मागणं यायचं ते होड्यांवर जाणाऱ्यांचं. त्यात प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि त्याला घरी आण, आमच्या बोलीत ‘घराक हाड’, म्हणायचं.

हा मान परबांच्या थोरल्या घराचा. म्हातारा परब गेला आणि मान त्याच्या मुलाकडे, धाकूकडे आला. तिथेच गावाला घाम फुटला. धाकू उंचापुरा, माणूस सोन्यासारखा, पण बोलताना अडखळायचा. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा. तो कसा अडखळायचा ते मी करून दाखवणार नाही. आमच्या गावात ते कुणी करून दाखवत नाही.

लहानपणी आईने त्याला मधात वेखंड उगाळून चाटवलं, देवळाच्या घंटेत पाणी भरून पाजलं. गावाने याहून सोपा उपाय शोधला. धाकूने तोंड उघडलं की त्याचं वाक्य दुसऱ्याच कुणीतरी पुरं करायचं. तो मीठ मागायला दुकानात उभा राहिला की दुकानदार घाईघाईने गूळ बांधून द्यायचा, आणि धाकू तो गूळ घेऊन निमूट घरी यायचा. लोकांना वाटायचं, आपण बिचाऱ्याचे कष्ट वाचवतोय. माणसं अशी प्रेमळ झाली की फार जाच होतो.

धाकूचीही एक युक्ती होती. एखादा शब्द अडला की तो बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. पाणी अडलं तर उदक, होडी अडली तर तारू. पण माणसाच्या नावाला दुसरा शब्द आणायचा कुठून? गोपाळला गोपाळच म्हणावं लागतं.

धाकूचा चुलत भाऊ नारबा मोठा बोलका. त्याने भर देवळात सांगितलं, “ह्यो असो गाऱ्हाणा घालूक लागलो तर देव झोपतलो! मान माका द्या.” बरेच जण हसले. मग गुरवाने कौल लावला. देवाला कळ्या चिकटवल्या आणि विचारलं. उजवी कळी पडली, धाकूच्या बाजूने. नारबाने पुन्हा कौल लावायला लावला, पुन्हा उजवीच. तिसऱ्यांदा तर गुरवाने हात मागे घ्यायच्या आत कळी पडली, असं म्हणतात. देव वैतागला होता, दुसरं काय?

त्या पौर्णिमेला धाकू उभा राहिला. पहिली मागणी त्याने शब्द बदलत बदलत कशीबशी पार केली. मग नावं आली. पहिलंच नाव अडलं. ऊन डोक्यावर, मुलं भुकेजलेली, खिरीचा वास सुटलेला. नारबा कुजबुजला, “सगळ्यांका सांभाळ म्हण आणि मोकळो हो!”

धाकूने मान हलवली. “सगळे म्हणजे कोण? देवाक नाव सांगूक व्हया,” म्हणाला. हे सांगायलाही त्याला वेळ लागला. मग तो पुन्हा त्या नावाकडे वळला, आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “व्हय म्हाराजा!” पाठोपाठ सगळेच ओरडले. ढोल वाजला, नारळ दर्यात गेला, पानं वाढली गेली. धाकू तसाच उभा होता, नाव तोंडात घेऊन.

पुढच्या वर्षी तेच झालं. त्याच्या पुढच्या वर्षी तर लोक नावांची वाटही बघेनात. काही बिघडलं नाही, तेव्हा कुणाला काही वाटलंही नाही. एकट्या धाकूला वाटायचं. दर वर्षी होड्या परत येईपर्यंत तो नीट जेवत नसे, असं म्हणतात.

आणि मग त्या आश्विनात वादळ आलं. होड्या बाहेर होत्या. वारा पडला, दर्या निवळला, तरी एकही शीड दिसेना. बायका किनाऱ्यावरून हलेनात. नारबाचा एकुलता एक मुलगा गोपाळ त्या होड्यांवर होता, आणि बोलका नारबा मुका होऊन वाळूत बसला होता.

येसू नावाची एक बाई होती, तिचा नवराही त्याच होड्यांवर होता. ती उठली आणि तडक धाकूच्या दारात गेली. “काकानू, तुमचा गाऱ्हाणा अर्धाच रवला. ता आमीच मोडला,” ती म्हणाली. “आता पुरा करा. आमी थांबतव.”

‘आम्ही थांबतो’ असं धाकूला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. तो आत जाऊन रडला आणि मग बाहेर आला.

तो ओहोटीच्या रेषेवर जाऊन उभा राहिला. मागे सगळा गाव. त्याने हात जोडले आणि पहिलं नाव घेतलं, म्हणजे घ्यायला लागला. ते गोपाळचं होतं. ते अडलं. भरती सुरू झाली होती. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं. लोकांनी मुलं खांद्यावर घेतली, पण कुणी मागे सरलं नाही. नारबाच्या ओठांवर लेकाचं नाव आलं होतं. बापाला ते म्हणायला कितीसा वेळ लागणार? त्याने खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला आणि डोळ्यांतून पाणी गाळत उभा राहिला.

आणि पाणी थांबलं. भरती अर्ध्यात थांबली, लाटा जिथल्या तिथे राहिल्या, आणि दर्या धाकूच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, असं म्हणतात. पलीकडच्या गावचे अजून तक्रार करतात की त्या दिवशी त्यांची भरती उशिरा आली, त्यांचं खाडीत अडकलेलं गलबत सुटेना. करोत बापडे.

“गोपाळ नारबा परब,” धाकू म्हणाला. “ह्येका घराक हाड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला, आणि दूर, आभाळ टेकतं तिथे, एक शीड दिसलं.

कुणी धावलं नाही. धावणार कसं? बाकीची नावं राहिली होती. धाकू एकेक नाव घेत गेला. काही चटकन सुटली, काहींनी जीव काढला. प्रत्येक नावाला गाव थांबला, प्रत्येक नावाला गावाने होकार दिला आणि दर होकाराला होड्या जवळ येत गेल्या. येसूच्या नवऱ्याचं नाव सगळ्यांत शेवटी आलं. ते पुरं झालं, तेव्हा कुठे दर्याने अडवून धरलेली भरती सोडली, आणि त्या एका लाटेवर सगळ्या होड्या देवळाच्या पायरीला येऊन लागल्या, असं म्हणतात.

मग देवाने धाकूची जीभ मोकळी केली असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. धाकू म्हातारा होऊन मरेपर्यंत अडखळत होता. बदलला तो गाव. दुकानात त्याला मीठ मिळू लागलं.

आजही खारवणला नारळी पौर्णिमेला शेवटच्या मागणीच्या वेळी ढोल पालथा ठेवतात. नावं घ्यायचा मान परबांनी आपणहून सोडला. गावात ज्याची जीभ अडखळते, त्याला पुढे बोलावतात. बाई असो, बुवा असो, कुठल्याही वाडीतलं असो. होड्यांवर आता यंत्रं आहेत आणि खलाशांच्या खिशात फोन आहेत, तरी नावं घेतली जातात. असं कुणीच नसेल त्या वर्षी धाकूच्या नावाने सगळे गप्प उभे राहतात, आणि मगच गुरव नावं वाचतो.

गेल्या साली येसूच्याच वाडीतल्या नव्या सुनेला बोलावलं. लग्न ठरवताना माहेरच्यांनी तिला गप्प बसवलं होतं, तिच्याऐवजी मावशीनेच सगळी उत्तरं दिली होती, तिचं नावसुद्धा मावशीनेच सांगितलं होतं. ती पदर घट्ट धरून उभी राहिली. पहिल्याच नावाला अडली आणि घाबरून मागे बघू लागली, की आता कोण ओरडणार. कुणी ओरडलं नाही. एक तान्हं रडायला लागलं, तर त्याची आई त्याला घेऊन लांब गेली. पानांवरचा भात निवून गेला.

तिने सगळी नावं घेतली. गाव शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. गुरव ढोल उचलायला वाकला, तर ती तशीच उभी, हात जोडलेले. तिचे ओठ पुन्हा हलायला लागले होते. त्या होड्यांवर नसलेलं एक नाव ती घेत होती, तिचं स्वतःचं. गुरवाने ढोल पुन्हा खाली ठेवला.

ते नाव काय, ते मी सांगणार नाही. खारवणला गेलात तर तिलाच विचारा, आणि ती सांगेपर्यंत थांबा.