कांचनीचं नितळ पाणी

मासे आणि वस्तू एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. एका दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत कांचनी नावाची सोनेरी मासळी आपल्या पिल्लांसह राहत होती. टाकीच्या काठावर, नळाखाली, पाण्यात विरघळलेलंही शोषून घेणारे खडे पोटात भरलेली एक म्हातारी गाळणी बसलेली असे. नळाचं पाणी तिच्या पोटातून थेंबथेंब टाकीत पडे.

काचेच्या कोपऱ्यात शेवाळाची इवलीशी बट चिकटली होती. ती एकदा लाडात म्हणाली, "कांचनीताई, पाणी इतकं नितळ, त्यात गाळायचं काय? म्हातारी उगाच पिल्लांना पाण्यासाठी ताटकळत ठेवते."

कांचनीला ते पटलं. "गाळणीआजी, व्हा बाजूला!" ती फणकारली.

"पोरी, जे दिसत नाही त्याचंच मला भय वाटतं गं," गाळणी कळवळली. पण कांचनी ऐकेना, तेव्हा ती बाजूला सरकली. पाणी धो धो पडलं, पिल्लं नाचली.

थोड्याच दिवसांत टाकी हिरवीगार झाली आणि एका सकाळी पिल्लं हवेसाठी वर तोंडं काढून धापा टाकू लागली.

"अगं, पाणी तर नितळ होतं ना?" कांचनी किंचाळली.

"नितळच होतं की!" टाकीभर पसरलेलं शेवाळ हसलं. "फॉस्फेट म्हणतात माझ्या जेवणाला. पाण्यात विरघळलेलं असतं, दिसणार कसं? म्हातारी पोटातल्या खड्यांत तेच शोषून मला उपाशी मारत होती."

कांचनी काठाकडे झेपावली. "आजी, या ना परत!" ती म्हणाली.

गाळणी पुन्हा नळाखाली सरकली. कांचनी मात्र, सगळी पिल्लं अंगाला लागेपर्यंत, त्या हिरव्या काळोखात त्यांना चाचपत राहिली.