दौलूनं पुढची पाळी दिली

एका गावात एक भोळा भाचा होता. मामा मात्र भोळा नव्हता, आणि सगळी पंचाईत तिथंच होती.

गावाचं नाव खडेवाडी. भाच्याचं नाव दौलू. मामा म्हणजे शिदबा वस्ताद. खडेवाडीच्या फुटबॉल संघाला खेळायला शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते, पण खोऱ्यातल्या पाच गावांच्या सामन्यांची ढाल एकदाही खडेवाडीत आली नव्हती. ती ढाल एकदा वाघजाईच्या पायरीवर ठेवायची आणि मग डोळे मिटायचे, असं वस्ताद म्हणत. ढाल येत नव्हती, म्हणून वस्ताद डोळे उघडे ठेवून होते.

त्या खोऱ्यात एक रीत होती. वाड्यावस्त्यांवरची जी पोरं चांगलं खेळायची, ती पाच गावांनी वाटून घ्यायची. दसरा झाला की पाचही गावं निंबोरीच्या पारावर जमत. मागच्या साली जो संघ शेवटी आला, त्याची पाळी पहिली. त्यानं हवा तो पोरगा उचलायचा. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. प्रत्येक गावाकडून एकच माणूस पारावर बसे आणि पाळी असो की पोरगा, वर्षभर देण्याघेण्यात त्याचा शब्द शेवटचा. तो शब्द मोडला, तर गाव खेळातनं बाद.

पारावर बसायला खडेवाडीत कुणी तयार नसे. पोरगा चांगला निघाला तर नाव पोराचं होई, वाईट निघाला तर वर्षभर शिव्या निवडणाऱ्याला. वस्तादांचा गुडघा धरला तेव्हा गावानं विचार करून दौलूला पाठवायचं ठरवलं. त्याला शिव्या कळत नसत.

तसा दौलू आज्ञाधारक. एकदा वस्ताद त्याला म्हणाले होते, "मॅच संपेस्तोवर चेंडूवरनं नजर हलवू नको." त्या दिवशी कुणीतरी सगळ्या खेळाडूंच्या चपला पळवल्या. दौलू शेजारीच बसला होता. त्यानं नजर हलवली नाही.

त्या साली धनगरवाड्यावर येसबा नावाचा पोरगा होता. पळत्या मेंढराला तो पळत जाऊन अडवी आणि पायात चेंडू असला तरी तसाच पळे. पहिली पाळी निंबोरीची होती, खडेवाडीची दुसरी.

वस्तादांनी दौलूला जवळ बसवलं. "हे बघ. आपल्याला येसबा पाहिजे. काय बी कर, पण पुढं सरक."

"सरकतो."

"आणि येसबाचं नाव तोंडातनं काढू नको. बाकीचे सावध हुतील."

दौलूनं मान हलवली. त्याला पटलं. त्याला सगळंच पटायचं.

पारावर दौलू दुसऱ्या जागेवर बसला आणि पुढं सरकला. थोडा अजून सरकला. पहिल्या जागेवर निंबोरीचे आनाप्पा बसले होते. दौलू सरकत सरकत त्यांच्या मांडीवर आला.

"काय रं ह्ये?" आनाप्पा म्हणाले.

"मामा म्हणाला, पुढं सरक."

आनाप्पा शहाणा माणूस. त्यांनी दौलूला मांडीवरनं उतरवून शेजारी बसवलं. "लेकरा, असं सरकून पाळी येत नाही. माझी पाळी तू घे, तुझी मला दे. आणि वर म्हणून पुढल्या सालची तुझी पाळी पण मला दे."

दौलूनं विचार केला. पुढल्या सालाला अजून पुष्कळ वेळ होता. त्यानं दिली.

आता पहिली पाळी खडेवाडीची झाली. पारावरचे जुने पाटील म्हणाले, "बोल दौलू, कोण पाहिजे?"

दौलूनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"अरं बोल की!"

"बोलायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"मग आमाला कसं कळणार?"

"कळू द्यायचं न्हाई म्हणूनच तर सांगितलंय."

पार थांबला. चहा आला, गेला. शेवटी आनाप्पांनाच दया आली. पारापाशी मधू नावाचा एक पोरगा उभा होता. त्याच्याकडं बोट करून ते म्हणाले, "ह्यो चालंल का?" दौलूनं मान हलवली. त्याला पटलं.

मग आनाप्पांनी दुसऱ्या पाळीला येसबा घेतला.

मधू गुणी पोरगा होता. फक्त चेंडू अंगावर आला की तो डोळे झाकून घेई. निंबोरीनं ढाल नेली. खडेवाडी शेवटी आली. शेवटी आल्यावर एक बरं असतं, पुढल्या साली पहिली पाळी मिळते. ती दौलूनं आधीच देऊन टाकली होती.

गावात दोन तट पडले. एक तट म्हणे, पाळी देऊन पुढं सरकायला नकोच होतं, उद्याचं बियाणं कुणी आज दळून खातं का? दुसरा तट म्हणे, सरकायलाच पाहिजे होतं, फक्त सरकल्यावर तोंड उघडायला पाहिजे होतं. दोन्ही तट दौलूला शिव्या देत. दौलू त्यांना रामराम करी.

वस्ताद कपाळ बडवून म्हणाले, "अरं, पोरगा पाहिजे असला की त्याचं नाव घ्यायचं! मोठ्यानं! सगळ्यांनी ऐकलं पाहिजे!"

दौलूनं मान हलवली.

दुसऱ्या दसऱ्याला वस्तादांनी बरोबर माणूस हेरला होता. पल्याडच्या डोंगरात बाजी म्हणून एक पोरगा होता. गोलात उभा राहिला की त्याच्या हातातनं माशीसुद्धा जात नसे. त्याची खबर वस्तादांखेरीज कुणाला नव्हती. खडेवाडीला पाळी नव्हती, तरी वस्ताद म्हणाले, "सगळ्यांचं निवडून झालं की उरल्यातला म्हणून बाजीला मागून घे. कुणी नाही म्हणणार नाही. त्याला ओळखतंय कोण?"

दौलू निघाला. नदी ओलांडली आणि तिथूनच त्यानं सुरू केलं, "बाजी पाहिजे! डोंगरातला बाजी! गोलात हुबा ऱ्हातो त्यो!" निंबोरीच्या बायका दारात आल्या. पोरं मागनं ओरडत निघाली. दौलू पारावर पोचला तेव्हा पाचही गावांना बाजी पाठ झाला होता.

आनाप्पांनी पहिल्याच पाळीला, म्हणजे खडेवाडीच्याच पाळीला, बाजी उचलला. मग शांतपणे विचारलं, "पाहिजे का?"

"व्हय. नाव मोठ्यानं घेतलं की मी."

"मग तुझ्या गावच्या पुढच्या पाळ्या दे."

"किती?"

"तुझं लगीन होईस्तोवरच्या."

दौलूला सौदा स्वस्त वाटला. आई दरसाली म्हणायची, यंदा उरकूनच टाकू. त्यानं शब्द दिला आणि बाजीचा हात धरून घरी आला.

वाटेत भेटेल त्याला तो ही बातमी सांगत आला. हसावं की रडावं हे न कळून लोक उभे राहिले. दौलूच्या लग्नापर्यंत म्हणजे कायमचं, हे आई सोडून सगळ्यांना माहीत होतं.

वस्तादांनी काठी उगारली, पण गुडघ्यानं उठू दिलं नाही. बसल्या जागेवरनंच ते म्हणाले, "अरं, उद्याचं कोण बघणार? आज हातातलं गेलं तर गेलं, पण उद्याचं राखावं माणसानं!"

"आज हातातलं गेलं तर गेलं," दौलू म्हणाला. "उद्याचं राखावं."

"आता तरी डोक्यात ठेव."

दौलूनं डोक्यात ठेवलं.

पण झालं भलतंच. बाजी गोलात उभा राहिला आणि खडेवाडीवर गोल होईना. पहिली मॅच जिंकली. दुसरी जिंकली. मधूनंसुद्धा एक गोल केला; तो डोळे झाकून उभा असताना चेंडू त्याच्या कपाळाला लागून आत गेला. गावातला पहिला तट एका रात्रीत नाहीसा झाला. पाळ्या देऊन पुढं सरकावं हे आम्ही पहिल्यापासनं म्हणत होतो, असं आता सगळेच म्हणत होते. दौलूला हाटेलात फुकट भजी मिळू लागली. उद्याचं राखावं ही गोष्ट गाव विसरलं, वस्तादही विसरले.

शेवटची मॅच निंबोरीशी. वस्तादांना पोरांनी खुर्चीसकट उचलून मैदानावर आणलं. त्यांनी नवा पटका बांधला होता. वाघजाईच्या पायरीवर बायकांनी आधीच सारवून रांगोळी घातली होती.

हाफटाईमला खडेवाडी एका गोलानं पुढं होती. येसबानं जीव तोडून चेंडू मारले, बाजीनं ते आंबे झेलावेत तसे झेलले. वस्तादांचे डोळे भरून आले. बायकांमधनं कुणीतरी हळद मागवली.

तेवढ्यात आनाप्पा दोन चहा घेऊन दौलूपाशी आले. दौलू मैदानाच्या पल्याडच्या कडेला बसला होता.

"लेका, तुझ्या गावच्या पाळ्या माझ्याकडं पडून हायत. बरं वाटत नाही मला. परत घेतोस?"

"सगळ्या?"

"सगळ्या. फकस्त बाजी दे. आत्ता."

दौलूनं चहाचा घोट घेतला. बाजी म्हणजे आजचा. पाळ्या म्हणजे उद्याच्या. मामांनी काय सांगितलं होतं ते त्याला लख्ख आठवलं, आणि मामांची इच्छा पुरी करायची वेळ आली म्हणून त्याचा ऊर भरून आला.

"घ्या," तो म्हणाला.

आनाप्पा उठायला लागले, तर दौलूनं त्यांचं धोतर धरलं. "आण्णा, आजचं अजून काय पाहिजे का?"

आनाप्पांचा चहा ओठापाशीच थांबला. "म्हंजे?"

"अजून धा जण हायत. तुमच्या गावच्या पाळ्या पण द्या की मला. म्या मरंस्तोवरच्या."

आनाप्पांनी एकवार आभाळाकडं बघून हात जोडले, मग दौलूच्या हातावर हात मारला.

पारावर बसणाऱ्याचा शब्द मोडायचा नसतो. खडेवाडीची पोरं खाली माना घालून निंबोरीच्या बाजूला चालत गेली. मधू रडत गेला. पंचांनी शिट्टी तोंडाला लावली आणि तशीच खाली घेतली. एका बाजूला बावीस जण उभे होते. दुसऱ्या बाजूला मोकळं मैदान आणि गोलाची जाळी.

त्या मोकळ्या मैदानातनं दौलू हसत हसत वस्तादांच्या खुर्चीकडं आला.

"दौल्या," वस्तादांनी त्याचं मनगट धरलं. "माझी पोरं कुठं गेली रं?"

"येणार की, मामा," दौलू त्यांचा पटका नीट करत म्हणाला. "दर दसऱ्याला दोन."